आधी खोली काळी करा, मग दिवे आणा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत घरातल्या छोट्या खोलीत फोटो स्टुडिओ कसा थाटावा, यावर पानभर लेख आला होता. तो मी दोनदा वाचला, पहिल्यांदा आनंदाने आणि दुसऱ्यांदा हातात मोजपट्टी घेऊन. लेखातला सल्ला थोडक्यात असा: खोलीला पांढराशुभ्र रंग द्या, तीन दिव्यांचा संच आणा, उजेड मऊ करायला दिव्यांवर दोन छत्र्या लावा, माणसामागे नऊ फुटी कागदाचा रोल टांगा, की झाला स्टुडिओ. सहा वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. पुढे काय झालं ते सांगावं म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे. कात्री आपल्या हातात आहेच.

माझी ओळख एवढीच की २७ वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि ५८व्या वर्षी निवृत्त झाल्यावर कॅमेरा हातात घेतला. या वयात कसला स्टुडिओ, असं घरातल्यांनी बोलून दाखवलं नाही, पण चेहऱ्यावर होतं. तेव्हा मी त्यांना जुलिया मार्गारेट कॅमेरॉनची गोष्ट ऐकवायचे. इंग्लंडमधल्या या बाईला १८६३ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, लेकीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. तिने घरातली कोळशाची खोली डार्करूमसाठी, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीसाठी घेतली आणि अंगणातलं काच लावलेलं कोंबड्यांचं खुराडं रिकामं करून त्याचा स्टुडिओ केला. कोंबड्या सोडून दिल्या, त्या कुणी खाल्ल्या नसाव्यात अशी आशा आहे, असं तिने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे त्याच खुराड्यात तिने त्या काळातली भलीभली माणसं बसवली. तिच्या मानाने मी दहा वर्षं उशीर केला, पण मला खुराड्याऐवजी खोली मिळाली.

मुलगी नोकरीसाठी बाहेर गेली आणि तिची खोली रिकामी झाली. ‘रिकामी’ हा शब्द जरा जपून वापरायला हवा. खोली १० फूट रुंद, ११ फूट लांब, छत ९ फुटांवर. लांबीतले २ फूट भिंतीभर पसरलेल्या कपाटाने खाल्लेले, म्हणजे हातात उरले ९. एक पलंग, एक शिलाई मशीन, आणि दुपारी १ ते ३ तिथे झोपणाऱ्या सासूबाई. एकच खिडकी, तीही पश्चिमेला. जुने छायाचित्रकार उत्तरेकडे काच असलेली खोली शोधायचे, कारण उत्तर गोलार्धात त्या बाजूने सहसा थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर बराचसा एकसारखा राहतो. माझ्याकडे सासूबाई उठायच्या वेळेला ऊनही आत यायला सुरुवात होते. पलंग भिंतीला उभा केला की मग उरेल तो माझा स्टुडिओ.

मी पांढरा रंग दिला. दिव्यांचा संच आणला, त्यात दोन पांढऱ्या, आरपार उजेड जाणाऱ्या छत्र्या होत्या. पहिला फोटो अर्थातच सासूबाईंचा. त्या तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरच्या रेघा म्हणजे एखाद्या जुन्या नकाशासारख्या. फोटोत त्यातली एकही रेघ आली नाही. चेहरा गुळगुळीत, चपटा, रंग उडालेला, कुठे उंचवटा नाही की खळगा नाही. त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि विचारलं, “मी आजारातून उठलेय का गं? आणि हे गालाला शेवाळ कसलं?” शेवाळ खरंच होतं. खिडकीचा पडदा हिरवा होता, त्यावर आपटून आलेला उजेड डाव्या गालावर बसला होता.

मी दिवे सरकवून पाहिले. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. तिसरा दिवाही आणला. फोटो आणखी चपटे झाले. जवळजवळ दोन महिने मी या समजुतीत होते की माझा कॅमेरा बरा नाही.

उलगडा अपघाताने झाला. पश्चिमेचं ऊन अडवायला मी एक जाड काळी चादर खिडकीवर टांगली होती. दोरी सुटली आणि चादर एका बाजूने लोंबकळत सासूबाईंच्या खुर्चीच्या बाजूला, हातभर अंतरावर आली. मी कंटाळले होते, तशीच एक फ्रेम काढली. त्या बाजूचा गाल एकदम गोल झाला. जबड्याची कड दिसली, नाकाच्या बाजूला सावली बसली, डोळ्यांखालच्या रेघा परत आल्या. दिवा तोच, जागा तीच, फक्त एका बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर काळं कापड आलं होतं.

इथे मला माझीच लाज वाटली. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा मोठा हिस्सा परत फेकते, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल. मोठ्या दालनात ती भिंत वीस-पंचवीस फुटांवर असते, तिचा उजेड माणसापर्यंत येताना मरून जातो. माझ्या खोलीत खुर्ची मधोमध ठेवली तरी दोन्ही बाजूंच्या भिंती ५-५ फुटांवर. म्हणजे मी एक दिवा लावला की खोली आपणहून आणखी चार दिवे लावत होती: दोन भिंती, छत आणि फरशी. त्यात आरपार छत्री म्हणजे कळसच. तिच्यातून अर्धा उजेड पुढे जातो आणि उरलेला मागे फिरून खोलीभर उधळतो. मोठ्या हॉलमध्ये छत्री ठीक असेल. १० फुटी खोलीत तिचा उपयोग पावसात बाहेर जायला.

तेव्हा आपल्या लेखकांना माझं पहिलं सांगणं हे की छोट्या खोलीत उजेड कमी पडत नाही, अंधार कमी पडतो. दिव्यांवर खर्च करण्याआधी काळ्या कापडावर करावा. भिंती काळ्या रंगवा असं मी म्हणत नाही. त्या खोलीत सासूबाई झोपतात, मुलगी सुट्टीला येते. मी दोन्ही बाजूंच्या भिंतींना छतालगत पडद्याच्या दांड्या ठोकल्या आणि त्यावर काळे पडदे सोडले. हवे तेव्हा ओढायचे, नको तेव्हा कोपऱ्यात सारायचे. एका बाजूचा पडदा उघडला की ती पांढरी भिंत माझा रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परत फेकणारा पडदा होते, लावला की सावली गडद होते. अर्धा उघडला की अर्धी. कापड बिनचमकीचं हवं; सॅटिनसारखं चमकणारं काळं कापड आरशाचंच काम करतं. मखमल सगळ्यात चांगली, पण धूळ आणि केस इतके धरते की मी सुती जाड कापडावर समाधान मानलं. हिरवा पडदा शिलाई मशीनच्या झाकणाला गेला. आणि छत्र्यांच्या जागी सॉफ्टबॉक्स आला, म्हणजे दिव्यावर चढवायचा, पुढे पांढरं कापड असलेला डबा; त्याच्या तोंडाशी कापडी जाळी, म्हणजे उजेड समोरच जातो, बाजूला सांडत नाही.

खोली खरोखर काळी झाली की नाही, हे तपासायची एक सोपी रीत आहे. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/८, शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) १/१६० सेकंद. फ्लॅश (माझे दिवे म्हणजे फ्लॅशच) बंद ठेवून एक फ्रेम काढायची. ती पूर्ण काळी आली पाहिजे. काही दिसलं, तर ते जे काही दिसतंय ते तुमचा न बोलावलेला दिवा आहे. माझ्या पहिल्या काळ्या फ्रेममध्ये खिडकीच्या फटीतून आलेली उन्हाची एक तिरपी पट्टी होती. ती बुजवली. त्यानंतर आयएसओ वाढवून काम करायची वेळ आली तेव्हा तसाच तपास केला, तर कपाटाच्या दाराच्या कडेला पिवळट झाक निघाली; बाहेरच्या पॅसेजमधल्या बल्बची. तो बल्ब असाच गेले कित्येक दिवस माणसांच्या कानामागे पिवळा रंग लावत होता आणि मी संगणकावर तो पुसत बसत होते.

आता अंतराबद्दल, कारण लेखात त्याचा उल्लेखच नाही आणि माझ्या मते छोट्या स्टुडिओचं सगळं मर्म तिथे आहे.

उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो: अंतर दुप्पट, तर उजेड चौथा हिस्सा. २७ वर्षं मी हे मेणबत्ती आणि पुठ्ठा घेऊन शिकवलं, मुलांनी ते पाठ करून गुण मिळवले, आणि मला स्वतःला ते कळलं या खोलीत. समजा माणूस मागच्या पांढऱ्या कागदापासून ४ फूट पुढे बसलाय. दिवा त्याच्या चेहऱ्यापासून ६ फुटांवर ठेवला, तर कागद दिव्यापासून साधारण १० फुटांवर पडतो. कागदावर चेहऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त उजेड पोचतो, म्हणून कागद फिकट राखाडी दिसतो. आता तोच दिवा चेहऱ्यापासून २ फुटांवर आणा. कागद दिव्यापासून ६ फुटांवर आला, म्हणजे तिप्पट लांब, म्हणून उजेड नवव्या हिश्शाएवढा. कॅमेऱ्याच्या भाषेत तीन स्टॉपहून जास्त फरक; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. तोच पांढरा कागद आता गडद राखाडी दिसतो. मी राखाडी बॅकग्राउंड विकत घेतलेलं नाही. दिवा पुढेमागे करते आणि कागदाचा रंग बदलतो.

दिवा जवळ आणण्याचा दुसरा फायदा मऊपणाचा. माणसाच्या डोळ्यांना दिवा केवढा दिसतो यावर सावलीची कड ठरते. २ फुटी सॉफ्टबॉक्स २ फुटांवर ठेवला, तर ४ फुटी सॉफ्टबॉक्स ४ फुटांवर ठेवल्यासारखाच मऊ उजेड मिळतो. तो ४ फुटी डबा माझ्या खोलीत ठेवला तर मला बाहेर उभं राहावं लागेल. लहान खोलीवाल्याने लहान सॉफ्टबॉक्स घ्यावा आणि तो चौकटीच्या अगदी काठापर्यंत पुढे आणावा, इतका की कधीकधी त्याची कड फोटोत येते आणि मग अर्धा इंच मागे घ्यायचा.

याची किंमतही मोजावी लागते, हे सांगायला हवं. दिवा जवळ म्हणजे उजेड झपाट्याने उतरतो. चेहरा २ फुटांवर आणि हात ३ फुटांवर असतील, तर हातांवर चेहऱ्याच्या निम्म्याहून कमी उजेड. एकट्या माणसाला ते शोभतं, नजर चेहऱ्यावर राहते. शेजारी दुसरं माणूस बसवलं की एक उजळ आणि एक काळवंडलेला. म्हणून दोघांचा फोटो मी नाखुशीने घेते आणि तिघांचा घेतच नाही. सरळ सांगते की ही खोली एका माणसाची आहे. लोकांना आधी वाईट वाटतं, मग एकेकटे येतात. एकदा तर रुसवा असलेले दोघे भाऊ वेगवेगळ्या दिवशी आले आणि दोघांनीही दुसऱ्याचा फोटो कसा आलाय ते पाहायला मागितलं. पण ते असो.

जवळ आणलेल्या फ्लॅशची आणखी एक गंमत. माझा फ्लॅश २०० वॉट-सेकंदांचा आहे (फ्लॅशची ताकद या एककात मोजतात), छोट्यातला समजला जातो. तरीही बहुतेक वेळा तो सगळ्यात खालच्या, १/३२ शक्तीवर असतो. त्याहून ताकदवान घेतला असता तर तो खाली आणताच आला नसता. दुकानात नेहमी मोठ्याची शिफारस होते. १० फुटी खोलीसाठी किती वरपर्यंत जातो हे विचारू नये, किती खाली येतो ते विचारावं.

दुसरं अंतर कॅमेऱ्याचं. लेखात म्हटलंय, जागा कमी असेल तर वाइड, म्हणजे जवळूनही जास्त भाग टिपणारी लेन्स वापरा. हा सल्ला वाचून मी पेपर खाली ठेवला. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत अंतर धरा ५ इंच. कॅमेरा नाकापासून दीड फुटावर, म्हणजे १८ इंचांवर असेल, तर कान २३ इंचांवर. नाक कानाच्या तुलनेत सव्वापटीहून मोठं येणार. ६ फुटांवरून हाच फरक शेकडा ७ इतका उरतो. चेहरा बिघडतो तो जवळ गेल्यामुळे, लेन्समुळे नाही. पण वाइड लेन्स लावली की माणूस जवळ जातोच. चेहऱ्यासाठी ६ फूट सोडू नयेत, ही माझी लक्ष्मणरेषा.

आता माझ्या खोलीचा हिशोब पाहा. माझा कॅमेरा एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरचा; सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चकती, तिची लांब बाजू साडेतेवीस मिलिमीटर. ५० मिलिमीटरच्या लेन्सने कमरेपर्यंतचा, म्हणजे सुमारे ९० सेंटीमीटर उंचीचा भाग चौकटीत घ्यायचा, तर कॅमेरा १.९ मीटर, म्हणजे ६ फुटांच्या थोडं पुढे लागतो. त्यात बॅकग्राउंडपासून माणसाचं ४ फूट अंतर मिळवा आणि कॅमेऱ्यामागे माझे स्वतःचे २ फूट. झाले सव्वाबारा. खोलीत आहेत ९.

उरलेले सव्वातीन फूट मी पॅसेजमधून घेतले. खोलीचं दार कपाटाच्या बरोबर समोर आहे, हे माझं नशीब. कपाटासमोर कागद सुटतो, ट्रायपॉड उंबरठ्याच्या पलीकडे उभा राहतो, आणि माझी पाठ पॅसेजच्या पलीकडच्या भिंतीला, खरं तर बाथरूमच्या दाराला टेकते. काम सुरू करण्याआधी मी घरात आवाज देते, “कुणाला जायचं असेल तर आत्ता जाऊन या.” नवरा एकदा आत अडकला होता. त्याने वीस मिनिटं आवाज केला नाही, कारण बाहेरून एका मुलीला मी “अगदी स्तब्ध राहा” म्हणत होते आणि त्याला ते आपल्यालाच सांगितलंय असं वाटलं.

ज्यांचं दार असं सरळ नसेल त्यांनी खोलीचा कर्ण मोजावा. १० बाय ११च्या खोलीचा कर्ण जवळजवळ १५ फूट भरतो. कोपऱ्यात बॅकग्राउंड तिरपं लावलं की त्यातले काही फूट जातात, तरी सरळ लांबीपेक्षा जास्तच हाती लागतं, शिवाय बाजूच्या भिंती माणसापासून तिरप्या होऊन दूर जातात.

पूर्ण उभ्या माणसाचा फोटो मात्र मी सोडून दिला आहे. ३५ मिलिमीटरच्या लेन्सने दोन मीटर उंचीची चौकट घ्यायला जवळपास १० फूट लागतात, आणि तेवढ्या रुंदीचं बॅकग्राउंड टांगायला भिंत नाही. नऊ फुटी रोलची कथा इथे सांगते. बाजारात मिळणारा मोठा रोल २.७२ मीटर रुंद असतो. खोली १० फूट, रोल ९ फूट, मग बसायला हरकत काय, असं मला वाटलं होतं. बसला. पण त्याच्या दोन स्टँडचे पाय पसरायला जागा उरली नाही, दिवा ठेवायला तर नाहीच. आणि त्याआधी तो पॅसेजमधून खोलीत वळेना. शेवटी जिन्यावर आडवा धरून नवऱ्याने लाकूड कापायच्या करवतीने तो मधोमध कापला. दोन रोल झाले, साडेचार-साडेचार फुटांचे. कमरेपर्यंतच्या फोटोला माणसाजवळ चौकट ६० सेंटीमीटर रुंद असते, ४ फूट मागे ती १ मीटरच्या आसपास होते. अर्धा रोल पुरून उरतो. आता कपाटाच्या माथ्यावर दोन कड्या ठोकल्या आहेत आणि त्यात नळी अडकवते. स्टँड नको, त्यांचे पाय नकोत. काम झालं की रोल उभा ठेवायचा. आडवा ठेवला तर मधे पोट येतं आणि पुढच्या फोटोत मागे लाटा दिसतात.

जागा लहान असली की माणूस आक्रसून जातो, असा आक्षेप एका ओळखीच्या छायाचित्रकाराने घेतला होता. त्याला मी अमेरिकन छायाचित्रकार अर्विंग पेनचं उदाहरण दिलं. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये पेनने मुद्दाम अडचण तयार केली. नाटकात नेपथ्याला लावतात तसे भिंतीसारखे दोन उभे फ्लॅट टोकदार कोनात जोडले आणि त्या चिंचोळ्या फटीत एकेकाला उभं केलं. कलावंत मार्सेल द्युशां, चित्रकार जॉर्जिया ओ’कीफ, संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की, मुष्टियोद्धा जो लुई, सगळे त्या कोपऱ्यात. कुणी भिंतीला रेललं, कुणी अंग चोरलं, कुणी दोन्ही भिंती ढकलतोय असं वाटावं तसं उभं राहिलं. अडचण मिळाली की माणूस तिला काहीतरी उत्तर देतो. पेनकडे बाहेर मोठी जागा होती आणि माझ्याकडे नाही, हा फरक मला कबूल आहे. तरीही एका संकोची मुलाला मी कपाट आणि भिंतीच्या कोपऱ्यात उभं केलं तेव्हा त्याचे हात आपोआप कुठेतरी टेकले आणि ‘हात कुठे ठेवू’ हा प्रश्न मिटला.

छताचं दुखणं वेगळं. ९ फुटांवर छत, त्यात पंखा खाली लोंबणारा. उभ्या माणसाच्या डोक्यावरून केसांना उजेड द्यायचा तर दिवा पंख्याच्या पात्यांत जातो. मी माणसांना स्टुलावर बसवते. बसल्यावर डोकं सव्वाचार-साडेचार फुटांवर येतं आणि वर जागा मोकळी होते. पंखा कामाच्या वेळी बंद. उजेड छतावर फेकून खाली घ्यायचा प्रयोग केलात तर चालू पंखा दर फोटोत वेगळी सावली टाकतो, हे अनुभवाने सांगते.

स्टँडबद्दलही लेखात एक ओळ हवी होती. दाटीच्या खोलीत माणसं स्टँडच्या पायांना अडखळतातच. दुसऱ्याच महिन्यात माझा दिवा शिलाई मशीनवर कोसळला. मशीनला काही झालं नाही, दिव्याची काच गेली. तेव्हापासून स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी, वायर फरशीला चिकटपट्टीने दाबलेली, आणि लहान मूल असेल तर डोक्यावर काहीही टांगायचं नाही. मुख्य दिवा तर मी आता भिंतीतल्या वळत्या दांड्यावर बसवलाय, तो फरशीची एक इंचही जागा घेत नाही.

माणसांव्यतिरिक्त मी वस्तूंचेही फोटो काढते, आणि छोट्या खोलीला खरं तर हेच काम जास्त मानवतं. त्यावर लिहायचं तर वेगळं पत्र लागेल, म्हणून एकच अनुभव. मातीची भांडी करणारी एक मुलगी झिलई दिलेले वाडगे घेऊन आली. पहिल्या फोटोत वाडग्याच्या पोटावर अख्खी खोली होती: खिडकी, दार, पलंगाचे पाय, आणि मधोमध लाल कुर्ता घातलेली मी. चमकदार वस्तूवर उजेड टाकून भागत नाही. तिला काय दिसतंय ते ठरवावं लागतं, कारण ती तेच दाखवते. आपात कोन आणि परावर्तन कोन समान, हेही फळ्यावर शंभरदा लिहिलेलं. वाडग्याला जे दिसणार त्या जागी ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव उभा केला, त्याच्या मागून दिवा लावला, बाकीकडे काळे पडदे ओढले. वाडग्यावर एक स्वच्छ पांढरा पट्टा आला, कडेला विरत गेलेला, आणि झिलईचा खरा निळा रंग दिसला. काचेच्या ग्लासाला उलटं करते: मागे उजळ कागद, आणि चौकटीच्या अगदी बाहेर दोन्ही बाजूंना काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, की ग्लासाच्या कडांना शाईने ओढल्यासारखी काळी रेघ येते. कामाच्या दिवशी मी आता काळा कुर्ता घालते. सासूबाईंना वाटायचं, मी फोटोग्राफर झाल्यावर जरा उदास झाले.

लेखासोबत छापलेल्या फोटोत खोलीचं छत चौकटीत आलेलंच नाही, आणि मॉडेलच्या मागे निदान पंधरा फूट मोकळी जागा दिसते. ती घरातली छोटी खोली असेल, तर ते घर मला पाहायचंय. माझी विनंती एवढीच की पुढे असा लेख आला तर त्याबरोबर खोलीचा आराखडा छापावा, मोजमापांसह: कुठे दार, कुठे खिडकी, माणूस भिंतीपासून किती फुटांवर, दिवा माणसापासून किती, कॅमेरा किती. हवा असेल तर माझ्या खोलीचा मी काढून पाठवीन, पंखा आणि बाथरूमच्या दारासकट.

आता थांबते. सव्वातीन झाले आहेत, चारला एक निवृत्त पोस्टमन यायचे आहेत आणि सासूबाई अजून पलंगावरच आहेत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका